तळ्यावरच्या जेट्टीचे सडलेले खांब स्वतः कसे बदलायचे

हिंगणा, काटोल, कळमेश्वर, उमरेड, नागपूरहून कुठल्याही रोडनं निघा, शेतात किंवा फार्महाऊसवर छोटं तळं आणि त्यात पाच-सहा मीटर आत गेलेली लाकडी जेट्टी आता बरीच दिसते. कोणी मोटरपंप ठेवायला बांधली, कोणी मासोळ्यांना खाद्य टाकायला, कोणी नुसतं संध्याकाळी पाय सोडून बसायला. बांधताना बहुतेकांनी सेंट्रिंगवाल्याकडच्या निलगिरीच्या बल्ल्या ठोकल्या, वरून फळ्या मारल्या आणि काम झालं. दोन-चार पावसाळे ती बरी चालते, मग एक कोपरा खाली बसतो, चाललं की सगळं हलते, आणि घरात सुरू होतं की पाडा आणि नवीन बांधा.

पाडायची गरज बहुतेक वेळा नसते. फळ्या आणि वरचे बीम पक्के असतात, सडलेले असतात फक्त खांब, आणि खांब एकेक करून बदलता येतात. दोन-तीन माणसं, भाड्याचे प्रॉप (सेंट्रिंगचे लोखंडी टेकू), थोडं सिमेंट आणि घाई न करणारं डोकं एवढं पायजे. पूर्ण कामात एक नियम पाळा: वजन आधी दुसऱ्या आधारावर घ्या, मग जुन्या खांबाला हात लावा. जेट्टीच्या कामात लोक जखमी होतात ते बहुतेक हा क्रम उलटा झाला म्हणून.

आधी हे बघून घ्या

तळं कोणाचं आहे? स्वतःच्या शेतातलं असेल तर प्रश्न नाही. पण गावचं तळं, जुना मालगुजारी तलाव, जिल्हा परिषदेचा किंवा जलसंपदा विभागाचा तलाव असेल तर लेखी परवानगीशिवाय पाण्यात एक बल्ली पण रोवू नका, आणि तिथं मच्छीमार सोसायटीचा ठेका असेल तर त्यांच्याशी पण आधी बोला, त्यांची जाळी तिथंच पडतात. फुटाळा, अंबाझरी, खिंडसी असल्या सार्वजनिक तलावांवरच्या जेट्ट्या हा आपला विषयच नाही.

दुसरं, तळ्याला प्लास्टिकचं अस्तर आहे का? २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' आल्यावर विदर्भात खूप शेततळी झाली आणि त्यातली बरीच ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिक कागदाची आहेत. अशा तळ्यात खांब रोवायचा म्हणजे कागद फोडायचा, आणि फुटलेला कागद पाण्याखाली नीट जोडला जात नाही. तिथं खांबांची जेट्टी नकोच, प्लास्टिकच्या बंद ड्रमवर तरंगणारी करा आणि काठावर दोरानं बांधा. पुढचं सगळं मातीच्या तळाच्या तळ्यासाठी आहे.

तिसरं, खांबाची उंची. तळापासून फळीपर्यंत तीन मीटरच्या वर जात असेल, किंवा जेट्टीवर मोठा जमाव जमणार असेल, तर एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, तिथं अंदाजपंचे चालत नाही.

आणि जेट्टी सांडव्याच्या तोंडाजवळ असेल तर खांब बदलायच्या आधी जागाच बदला. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटेपर्यंतच्या काही तासांत नागपुरात शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. छोट्या तळ्याचं पण तसंच असतं, पाणी तासाभरात चढते, आणि सांडव्यात उभे असलेले खांब वाहून आलेला पालापाचोळा अडवून बसले की पाणी पाळीवरून जायला लागते. पाळ फुटली की जेट्टी राहिली बाजूला, खालच्या माणसाचं शेत जाते.

कधी करायचं

एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत. तेव्हा पाणी सगळ्यात खाली असते, जेट्टीचे काठाकडचे अर्धे खांब तर कोरड्यात येतात, आणि कोरड्यात केलेलं काम पाण्यातल्या कामापेक्षा दुप्पट पक्कं आणि निम्म्या कष्टाचं होते. मृग लागायच्या आत सगळं आटपलं पायजे आणि काँक्रीटला वाळायला पण दिवस लागतात, म्हणून सामान मार्चमध्येच आणून ठेवा.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो हे सांगायला नको. पहाटे उजाडल्या उजाडल्या सुरू करा, दहाला बंद, मग थेट संध्याकाळी पाचनंतर. पाण्याजवळ आहोत म्हणून ऊन लागणार नाही असं वाटते पण पाण्यावरून परतणारं ऊन उलट जास्त लागते, त्यामुळे डोक्याला दुपट्टा आणि ताक-पाणी सोबत ठेवा. अवकाळीचं आभाळ गडगडायला लागलं की काम सोडून लगेच जेट्टीवरून उतरा, उघड्या पाण्यात उभा लोखंडी पाइप धरून थांबायची ती वेळ नाही.

कोणते खांब खराब आहेत ते शोधणं

लाकूड कुठं सडते हे समजलं की अर्धी तपासणी होते. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागते. कायम पाण्याखाली असलेल्या भागाला ओल आहे पण हवा नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो. कायम वर असलेला भाग पाऊस सोडला तर कोरडा असतो. सडतो तो मधला पट्टा, जिथं पाणी चढते-उतरते, आणि काठावरच्या खांबांत जमिनीला लागून असलेला वीतभर भाग. काठावर वाळवी पण लागते, मातीच्या बारीक नळ्या खांबावर चढलेल्या दिसतात.

एक जाडा पेचकस घ्या आणि प्रत्येक खांबाला त्या पट्ट्यात चारही बाजूंनी जोरानं खुपसा. चांगल्या लाकडात टोक दोन-चार मिलिमीटर जाऊन अडकते आणि काढताना लाकडाचा लांब कुसा निघतो. सडलेल्यात पेचकस बोटाच्या पेराएवढा किंवा मुठीपर्यंत सरळ आत जातो, आणि बाहेर येणारा भुगा चौकोनी तुकड्यांचा, ओला, तपकिरी असतो. मग हातोडीनं ठोका, चांगला खांब ठणठण वाजतो, पोकळ झालेला बद्द आवाज देतो. वरून गुळगुळीत दिसणारा खांब आतून पोकळ निघतो हे खूपदा होते, म्हणून नुसतं डोळ्यांनी पाहून सोडू नका.

खडूनं किंवा ऑइलपेंटनं प्रत्येक खांबावर नंबर टाका आणि वहीत नकाशा काढा: कोणता पक्का, कोणता संशयाचा, कोणता गेलेला. संशयाचा पण या वेळीच बदला. तेच प्रॉप, तीच माणसं, तोच खड्डा, पुढच्या वर्षी पुन्हा जमवाजमव कशाला?

खाली काय आहे

खांब कितीही चांगला आणा, तो ज्याच्यावर उभा आहे ते पोचट असेल तर जेट्टी पुन्हा बसणार. एक २० मिमीची सळई घ्या, तळात हातानं दाबा. गाळात ती लोण्यात सुरी जावी तशी जाते, मग काळी चिकण माती लागली की जोर लागतो, आणि मुरूम लागला की खरखर होऊन थांबते. नागपूरच्या पश्चिमेला काळा बेसॉल्ट आणि त्यावरचा मुरूम, पूर्वेला जुना वेगळाच खडक, त्यामुळे मुरूम कुठं हातभर खाली लागतो, कुठं दोन मीटर. प्रत्येक खांबाजवळ सळई टाकून खोली लिहून ठेवा, एकाच जेट्टीच्या दोन टोकांना मोठा फरक असू शकतो.

आता जरा हिशोब, कंटाळा करू नका. समजा जेट्टी १.२ मीटर रुंद आहे आणि खांबांच्या जोड्या दर दोन मीटरवर आहेत. मधल्या प्रत्येक खांबाच्या वाट्याला ०.६ गुणिले २, म्हणजे १.२ चौरस मीटर फळी येते. माणसांची गर्दी धरून चौरस मीटरला ५०० किलो आणि जेट्टीचं स्वतःचं ५० किलो धरा, म्हणजे एका खांबावर ६६० किलो. जास्त वाटते? घरच्या गणपतीचं विसर्जन आठवा, सगळे नातेवाईक आणि शेजारचे आरतीला एकाच टोकाला जमतात आणि त्यात पोरं उड्या मारतात. हिशोब त्या दिवसाचा करायचा, एकट्यानं गळ टाकून बसायचा नाही.

ओल्या काळ्या मातीला चौरस मीटरला साधारण पाच टनच धरतात. ६६० किलो तीन इंची पाइपच्या नुसत्या टोकावर टाकले तर तो मातीत खुपसत जाणार, म्हणून खाली रुंद पाय पायजे. ४५ सेंमी बाय ४५ सेंमीचा पाय म्हणजे ०.२ चौरस मीटर, पाच टनांनी तो एक टन पेलतो. मुरमावर गेलात तर याच्या कितीतरी पट. म्हणून जमेल तिथं मुरमापर्यंत जा.

काठावरच्या खांबांचं दुखणं वेगळं आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि फुगताना उथळ खांबाला वर ढकलते, त्यामुळे काठाकडची बाजू उचललेली आणि पाण्याकडची बसलेली दिसते. तिथं खड्डा मुरमापर्यंत न्याच, आणि भरताना निघालेली काळी माती परत टाकू नका, बाजूनं मुरूम भरून कुटा.

खांब कशाचा घ्यायचा

लाकूडच हवं असेल तर लकडगंजच्या आरा मशीनवर जाऊन साग, बीजा किंवा साजा बघा. मात्र फक्त आतला गडद गाभा, बाहेरचा पांढरट भाग सागाचा असला तरी लवकर सडतो. कापलेल्या टोकाकडं बघा, गडद आणि पांढरा भाग सरळ वेगळा दिसतो, दुकानदाराला पांढरा भाग काढून द्यायला सांगा. निलगिरी आणि बांबू पाण्याच्या पट्ट्यात टिकत नाहीत, स्वस्त म्हणून परत तेच आणू नका. प्रेशर ट्रीटमेंट केलेलं, म्हणजे दाबानं आतपर्यंत औषध भरलेलं, लाकूड मिळालं तर उत्तम. बिल जपून ठेवा, सागाच्या वाहतुकीला वनविभागाचा पास विचारतात.

खांबाला जळालेलं ऑइल किंवा डांबर फासायची आपल्याकडं फार सवय आहे. तळ्यात ते करू नका. त्याचा तवंग पाण्यावर पसरतो आणि मासोळ्यांचं नुकसान होते, आणि ते आतपर्यंत जात पण नाही, वरवरचं राहते.

मला विचाराल तर नवीन माणसानं जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी पाइप घ्यावा. ८० एनबी, म्हणजे बोलीभाषेत तीन इंची, बाहेरचा व्यास ८८.९ मिमी. पाइपवरचा रंगाचा पट्टा बघून घ्या: पिवळा म्हणजे ए क्लास, हलका, निळा बी क्लास, मध्यम, लाल सी क्लास, जाड. जेट्टीला निळ्याच्या खाली जाऊ नका. इतवारीत लोहाओळीला पाइप, अँगल, नटबोल्ट सगळं एका फेरीत होते. फॅब्रिकेटरकडून खाली २५ बाय २५ सेंमीची ८ मिमी प्लेट आणि वर बीम धरायला यू आकाराचा कंस वेल्ड करून घ्या. शक्य असेल तर साध्या काळ्या पाइपवर वेल्डिंग आधी करा आणि पूर्ण तुकडा नंतर हॉट डिप गॅल्वनाइझ करून, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून आणा. जीआय पाइपवर वेल्डिंग केलं तर जोडाजवळचं जस्त जळून जाते आणि गंज तिथूनच सुरू होतो, शिवाय तो धूर छातीत घ्यायचा नसतो. डिपिंगला देणार असाल तर पाइपला हवा जायला छिद्रं ठेवायला सांगा, दोन्हीकडून बंद पाइप गरम जस्तात फुटतो. जीआयवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर जोड घासून त्यावर झिंकचा प्रायमर दोन हात मारा.

वजन प्रॉपवर घेणं

सेंट्रिंगच्या दुकानात लोखंडी प्रॉप भाड्यानं मिळतात, स्क्रू फिरवून उंची बदलणारे. एका खांबाला दोन लागतात, आणि एक जास्तीचा. सोबत रुंद जाड फळ्या किंवा रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आणा.

जो खांब बदलायचा त्याच्या दोन्ही बाजूंना, त्याच बीमखाली, खांबापासून निदान एक मीटर अंतरावर प्रॉप लावा. अंतर काहून? कारण खांबाजवळ खड्डा खणायचा आहे, आणि प्रॉप खड्ड्याच्या काठावर असेल तर माती ढासळून तोच आत येईल. प्रॉपखाली आधी गाळ खरवडून काढा, मग दोन फळ्या एकमेकीला आडव्या टाका, त्यावर प्रॉपची प्लेट. वर बीम आणि प्रॉपच्या मध्ये एक लाकडी ठोकळा, नाहीतर प्लेट बीममध्ये रुतते. ओळंबा लावून प्रॉप सरळ उभा आहे ते बघा, तिरका प्रॉप वजन आलं की घसरतो.

मग दोन्ही प्रॉप पाळीपाळीनं पाव-पाव आटा फिरवा. एकाला भरपूर आणि मग दुसऱ्याला असं नाही, बीम पिळला जातो. फिरवताना कान द्या, आधी फळ्यांचे खिळे कुरकुरतात, मग जुन्या खांबाच्या डोक्याशी एक बारीक काळी फट दिसायला लागते. त्या फटीत हॅक्सॉचं पातं आरपार सरकलं की थांबा, वजन आलं. दोन-तीन मिलिमीटर पुरे. जेट्टी लेव्हलला आणायची घाई आत्ता करू नका, बसलेला कोपरा एकाच दिवशी उचलायला गेलात तर फळ्या चिरतात आणि जोड उघडतात.

एका वेळी एकच खांब. शेजारशेजारचे दोन कधीच नाही. प्रॉपवर उभ्या जेट्टीखाली आडवं होऊन कोणी शिरायचं नाही, आणि तेव्हा वर पण कोणी चढायचं नाही, त्यासाठी जेट्टीच्या तोंडाला आडवी बल्ली बांधून टाका.

कोरड्यातला खांब

मी सुचवीन की नवीन खांब जुन्याच्याच खड्ड्यात न टाकता, त्याच बीमखाली दीड-दोन फूट बाजूला घ्या. जुना खांब उभा राहू द्या. काँक्रीट पक्कं व्हायला जे दिवस लागतात तेवढे दिवस भार प्रॉपवर असतो आणि प्रॉप दबला तर खाली जुना खांब असतोच, तो मोठा धीर असतो.

खड्डा खणा. गाळात कडा ढासळत असतील तर दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम दोन्ही तोंडं कापून खड्ड्यात उतरवा आणि आतून माती काढत काढत त्याला खाली बसवा. ड्रम धुतलेला आणि खाद्यतेलाचा वगैरे घ्या, ज्यात केमिकल किंवा पेट्रोल होतं तो ग्राइंडरनं कापू नका, आत वाफ राहिलेली असते आणि भडका उडतो. मुरूम लागला की तळ सपाट करा, दहा सेंमी खडी टाकून कुटा.

पाइप उभा करा, ओळंब्यानं दोन बाजूंनी सरळ बघा, बीमला क्लॅम्पनं धरून ठेवा. काँक्रीट एक सिमेंट, दीड रेती, तीन गिट्टी, आणि एका बॅगला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी, त्यापेक्षा पातळ नको. ड्रमच्या आकाराच्या खड्ड्यात ४५ सेंमी जाडीला एका खांबामागं जवळजवळ एक बॅग जाते. पाइपची प्लेट काँक्रीटच्या मध्ये यायला पायजे, खडीला टेकलेली नको. वरचा थर पाइपपासून बाहेर उताराचा करा म्हणजे पाणी पाइपला लागून साचत नाही. ओलं काँक्रीट किंवा घमेलं धुतलेलं पाणी तळ्यात सोडू नका, सिमेंटचं पाणी फार खारवट-चुनट असते, छोट्या तळ्यात मासोळ्या मरतात.

बाजारातलं सिमेंट बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) असते, त्याला दहा दिवस तरी ओलं गोणपाट ठेवा. त्या दिवसांत पाइपवर काहीच भार नको. वाट बघायचा कंटाळा येतो हे खरं, पण एवढं ऊन असताना पाणी नाही मारलं तर काँक्रीट वरून भाजते आणि आतून कच्चं राहते.

मग भार घ्या: बीम आणि यू कंसाच्या मध्ये फट असेल तर लोखंडी पट्ट्या घाला, १२ मिमीचे गॅल्वनाइझ्ड बोल्ट आरपार, दोन्हीकडं रुंद वायसर, आणि खिळे अजिबात नको, हलणाऱ्या जेट्टीत खिळे ढिले होतातच. नंतर प्रॉप पाव-पाव आट्यानं सोडा आणि अर्धा तास थांबून बघा. खांब बसला नाही तर जुना कापा. काठावरचा मुळासकट काढा, वाळवी तिथं राहू देऊ नका. पाण्यातला निघत नसेल तर तळालगत कापला तरी चालते, पण वर बुंधा ठेवू नका, पोहणाऱ्याच्या पायात जातो.

पाण्यातला खांब

तळं पूर्ण आटत नसेल तर टोकाचे दोन-चार खांब पाण्यातच करावे लागतात. कमरेच्या वर पाणी असेल तिथं स्वतः करू नका. कमरेपर्यंत असेल तरी लाइफ जॅकेट घाला, पोहता येते की नाही हा प्रश्न नाही, गाळात पाय रुतला की पोहणारा पण अडकतो. काठावर एक माणूस दोर घेऊन नुसता लक्ष ठेवायला पायजे.

खांब काढायला शेतातलाच डिझेल पंप कामाला येतो. पंपाच्या नळीला एक इंची पाइप जोडा, त्याचं टोक थोडं चेपून बारीक करा, आणि खांबाला लागून तो तळात खुपसा. पाण्याच्या जोरानं गाळ उकळल्यासारखा होतो, काळे बुडबुडे आणि सडक्या अंड्याचा वास येतो, आणि मघापर्यंत तसूभर न हलणारा खांब हातानं डुलायला लागतो. मग तीन बल्ल्यांची तिकाटी उभी करून चेन पुलीनं सरळ वर ओढा. बीमला पुली अडकवून ओढू नका, तुम्ही जेट्टीच खाली खेचाल.

नवीन पाइपला इथं तळाची प्लेट टोकाला नाही, टोकापासून दीड फूट वर वेल्ड करून घ्या, ३० बाय ३० सेंमी, आणि पुढचं टोक मोकळं ठेवा. त्याच पाण्याच्या झोतानं टोक मुरमात जाते आणि प्लेट घट्ट थरावर टेकते. प्लेट टेकली की झोत बंद, दोन माणसं पाइपला लटकून बघा, आणखी गेला तर अजून खाली न्या. गाळ दुसऱ्या दिवसापर्यंत परत आवळतो, भार तेव्हाच द्या. काँक्रीटचा पाय नाही म्हणून इथं मधले खांब जवळ घ्या, दोन मीटरऐवजी दीड मीटर.

कैची आणि वीज, ही दोन कामं सोडू नका

उभा खांब वजन धरतो पण बाजूचा धक्का धरत नाही. वारा, लाटा, पोरांच्या उड्या, यानं जेट्टी डुलते आणि बोल्टची भोकं मोठी होतात. प्रत्येक जोडीत ४० बाय ४० बाय ५ चा अँगल कैचीसारखा मारा, आणि लांबीच्या दिशेनं निदान दोन घरांत (खांबांच्या दोन जोड्यांमधल्या जागेत) मारा. खालचं टोक कमी पाण्याच्या पातळीजवळ, वरचं बीमच्या अगदी खाली. अँगलची कापलेली टोकं आणि पाडलेली भोकं झिंक प्रायमरनं झाका. पाइपचं वरचं तोंड उघडं राहत असेल तर झाकण लावा, नाहीतर पावसाचं पाणी आत साचते.

आणि जेट्टीवर मोटरपंप असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. लाकडी खांबांवर चालून गेलेला जुना वायरिंगचा घोळ लोखंडी खांबांवर जीव घेऊ शकतो. मोटरच्या बॉडीत करंट उतरला तर तो खांबांतून सरळ पाण्यात जातो आणि पाण्यात उभ्या माणसाला पकडतो. काम चालू असताना मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात. काम झालं की लायसन्सवाल्या वायरमनकडून काठावर वेगळं अर्थिंग, मोटरची बॉडी आणि जेट्टीचं लोखंड त्याला जोडलेलं, आणि ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवून घ्या. ड्रिल-ग्राइंडर बॅटरीवर चालणारे असतील तर सगळ्यात चांगलं, तळ्यात उतरून एक्स्टेंशन बोर्ड ओढू नका.

साप पण बघा. पाण्यातला धोंड्या बिनविषारी आहे, त्याला मारू नका. पण काठाच्या दगडात, जुन्या फळ्यांखाली घोणस आणि नाग असतात, म्हणून हात घालायच्या आधी काठीनं हलवा आणि गमबूट घाला.

शेवटची लेव्हल

सगळे खांब झाल्यावर गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपनं प्रत्येक बीमची उंची बघा. बसलेला कोपरा आता उचला, दिवसाला पाच मिलिमीटरच्या वर नको, कंसात पट्ट्या वाढवत जा. फळ्या तळ्याच्या पूर्ण भरलेल्या पातळीच्या निदान दीड फूट वर असाव्यात, ती पातळी काठाच्या दगडांवर जो पांढरा डाग राहतो त्यावरून कळते.

पहिले दोन मोठे पाऊस झाले की बोल्ट परत आवळा, लाकूड फुगून-आटून ते एकदा ढिले होतातच. दिवाळीनंतर पाणी स्थिर असताना ओळंबा लावून खांब सरळ आहेत का ते बघा.

निघालेल्या जुन्या खांबांचा चांगला तुकडा कुंपणाला वापरा. ज्यांना डांबर, ऑइल किंवा ट्रीटमेंट होती ते चुलीत किंवा शेकोटीत जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो. ते तळ्याच्या काठावर पण टाकू नका, पहिल्या पुरात तरंगत येऊन नवीन खांबांनाच आदळतात.